मुंबईत फ्लाइट बदलायला वेळ पुरेल का? तिकीट काढायच्या आधी हे बघा

नागपूरहून परदेशात थेट जाणारी विमानं मोजकीच, त्यामुळे बहुतेकांना मुंबई नाहीतर दिल्लीला उतरून दुसरं विमान पकडावं लागतं. आणि मग शेजारी, नातेवाईक, ऑफिसमधले, सगळे एकच विचारून राहिले असतात, "मध्ये दोन तास आहेत, पुरतील ना?" नुसत्या दोन तासांवरून सांगताच येत नाही हो. मी आधी उलट विचारतो, पीएनआर, म्हणजे बुकिंग नंबर, एक आहे का दोन?

एकाच पीएनआरवर दोन्ही फ्लाइट असतील तर पहिलं विमान लेट होऊन दुसरं सुटलं तरी पुढच्या विमानात बसवून द्यायचं काम कंपनीचं असतं, आणि बॅगही बहुतेक वेळा शेवटच्या ठिकाणापर्यंत जाते. प्रत्येक एअरपोर्टचा मिनिमम कनेक्शन टाइम, म्हणजे विमान बदलायला कमीत कमी लागणारा वेळ, ठरलेला असतो, त्याहून कमी वेळाचं कनेक्शन सिस्टीम सहसा एका तिकिटात विकतच नाही. म्हणजे एका पीएनआरवर सव्वा तासाचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला वेळ, दिसला तर घाबरायचं कारण नाही, धावपळ होईल पण पैसे बुडणार नाहीत. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही घेणंदेणं नाही, तुम्ही वेळेत पोचला नाहीत की नो-शो, म्हणजे तुम्ही आलाच नाहीत असं धरून तिकीट गेलं, आणि परदेशाचं तिकीट असेल तर मोठा फटका. बुकिंग साइटवर एखादा पर्याय दहा-बारा हजारांनी स्वस्त दिसतो ना, त्याच्याखाली बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहिलंय का ते आधी बघा, लिहिलं असेल तर ती दोन वेगळी तिकिटंच आहेत, फक्त एकत्र दाखवलेली.

आता वेळेचा हिशोब. तिकिटावरचा लेओव्हर दोन्ही टोकांनी कापून घ्यायचा. पोचायची वेळ म्हणजे विमान पार्किंगला उभं राहायची वेळ, त्यानंतर दार उघडून मागच्या सीटवरून बाहेर यायला पंधरा मिनिटं सहज जातात. आणि सुटायची वेळ म्हणजे विमान हलायची वेळ, गेट त्याच्या २०-२५ मिनिटं आधीच बंद होतं. म्हणजे दीड तासाचा लेओव्हर हातात येईपर्यंत ५० मिनिटांचा झालेला असतो. वेगळं तिकीट आणि सोबत मोठी बॅग असेल तर आणखी कापा, कारण मग गेट नाही तर चेक-इन काउंटर गाठायचा असतो, तो देशातल्या फ्लाइटला सहसा ६० मिनिटं आधी बंद होतो, परदेशीला ६० ते ७५ मिनिटं आधी. तिकीट काढताना माझं बोट नेहमी या काउंटर बंद व्हायच्या वेळेवर असतं, तिथून मागे मागे मोजत यायचं.

हे मी शिकलो भाचीला सोडायला गेलो तेव्हा. ताई मनीषनगरला राहते, पोरगी शिकायला जर्मनीला निघाली, तिकिटं दोन वेगळी. नागपूरचं विमान मुंबईला रात्री १० वाजून ५ मिनिटांनी टर्मिनल १ ला, पुढचं २ वाजून १० मिनिटांनी टर्मिनल २ वरून. चार तास! आम्हाला वाटलं आरामात जेवूनखाऊन जाऊ. पावसाळ्याचे दिवस, सोनेगावहून, म्हणजे नागपूरच्या एअरपोर्टवरून, विमान उशिरा निघालं, मुंबईवर घिरट्या घालत बसलं, पार्किंगला लागलं तेव्हा ११:१० झाले होते. मग बस, मग बेल्ट. दोन बॅगांपैकी एक आली, दुसरी, ज्यात ताईनं तीन-तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी होती, ती यायला पावणेबारा. बाहेर धो धो पाऊस, टॅक्सी मिळून टर्मिनल २ ला पोचायला १२:२५, गेटवर तिकीट-पासपोर्ट दाखवायची लाइन, भाची आत काउंटरवर उभी राहिली १२:४० ला. काउंटर बंद होणार होता १:१० ला. चार तासातले उरले तीस मिनिटं. ती पुढे गेली, इमिग्रेशन-सिक्युरिटी करून १:३५ ला गेटवरून तिचा फोन आला तोपर्यंत मी बाहेर भिजत उभा होतो, आणि ती बेल्टवरची बॅग अजून अर्धा तास आली नसती तर काय झालं असतं हे आजही डोक्यातून जात नाही.

म्हणून दुसरा प्रश्न, टर्मिनल कोणतं? मुंबईत परदेशी विमानं टर्मिनल २ वरून जातात, देशातली काही १ वर उतरतात काही २ वर, एकाच कंपनीचीसुद्धा दोन्हीकडे असतात, त्यामुळे कंपनीवरून अंदाज बांधू नका, फ्लाइट नंबर टाकून टर्मिनल बघा. दोन्ही टर्मिनलमध्ये रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. आता मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलला स्टेशनं आहेत, दिवसा ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा ती बरी, पण रात्री उशिरा ती बंद असते आणि परदेशी विमानांची गर्दी नेमकी मध्यरात्रीनंतरच. दिल्लीत टर्मिनल २ आणि ३ जवळजवळ आहेत, चालत जाता येतं, टर्मिनल १ मात्र लांब, कित्येक किलोमीटर. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई एअरपोर्टवरूनही विमानं सुरू झालीत, तेव्हा स्क्रीनवर नुसतं "मुंबई" वाचून ओके करू नका, एक विमान नवी मुंबईत उतरतंय आणि दुसरं सहारहून, म्हणजे मुंबईच्या जुन्या एअरपोर्टवरून, उडतंय असं असेल तर मध्ये सगळं शहर आहे.

तिसरं म्हणजे ते विमान खरोखर वेळेवर येतं का. फ्लाइटरडार२४ वर फ्लाइट नंबर टाकला की मागच्या काही दिवसांत ते किती वाजता पोचलं ते फुकट दिसतं. सातपैकी चार दिवस पाऊण तास लेट असेल तर तोच त्याचा टाइम समजून हिशोब लावा. मुंबईत दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, घिरट्या त्यामुळेच. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं धुकं, तेव्हा दिल्लीमार्गे जायचं तर सकाळी लवकरचं कनेक्शन घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग किती वेळ ठेवायचा? माझा स्वतःचा हिशोब सांगतो. एक पीएनआर, दोन्ही देशातली, टर्मिनल तेच, तर सव्वा-दीड तास चालतो. एक पीएनआर आणि पुढे परदेश, तर तीन तास, कारण इमिग्रेशनची रात्रीची लाइन कधी किती असेल सांगता येत नाही. वेगळी तिकिटं आणि देशातलीच, बॅगसकट, चार तास. वेगळी तिकिटं आणि परदेश असेल तर मी तासात मोजतच नाही, सकाळच्या विमानानं नाहीतर आदल्या रात्रीच्या दुरांतोनं जायचं आणि दिवसभर मुंबईत नातेवाइकाकडे थांबायचं. आईबाबा पहिल्यांदा एकटे जात असतील, व्हीलचेअर सांगितली असेल, सोबत लहान लेकरू असेल तर प्रत्येकात तास-दीड तास वाढवा, कारण व्हीलचेअरवाल्यांना बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी उतरवतात.

दुरांतोवरून आठवलं. एकाच पीएनआरवर नागपूर-मुंबई-फ्रँकफर्ट असं तिकीट असेल आणि वेळ कमी वाटतो म्हणून तुम्ही ट्रेननं परस्पर मुंबई गाठलीत तर पहिल्या टप्प्याला तुम्ही आला नाहीत म्हणून पुढचं सगळं तिकीट रद्द होऊ शकतं. कंपनीला आधी फोन करून बदलून घ्या, मनानं करू नका.

परत येतानाचा हिशोब वेगळा. परदेशातून आल्यावर बहुतेक वेळा पहिल्या भारतीय एअरपोर्टवरच बॅग घेऊन कस्टममधून जावं लागतं, टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी, आणि मग ट्रान्सफर काउंटरवर परत द्यायची. लोक बेल्टकडे न बघता पुढे जातात आणि नागपूरला बॅगशिवाय उतरतात. इमिग्रेशन, बेल्ट, कस्टम, परत सिक्युरिटी, एवढ्याला साडेतीन तास ठेवा, आणि नागपूरचं त्या दिवसाचं शेवटचं विमान निवडू नका, त्याच्या आधीचं घ्या, म्हणजे चुकलं तरी रात्री घरी पोचता.

आणि जाताना सोनेगावच्या काउंटरवर बॅगेला पट्टी लावतात ना, ती बॅग पुढे सरकायच्या आत वाचा. मोठ्या अक्षरात तीन अक्षरी कोड असतो, बीओएम म्हणजे मुंबई, एफआरए म्हणजे फ्रँकफर्ट. पुढचं विमान त्याच तिकिटावर असून बीओएम दिसला तर तिथेच थांबवा आणि विचारा, बॅग मुंबईत घ्यायची आहे का, कारण घ्यायची असेल तर तुमच्या तीन तासांतला एक तास तिथेच गेला.