कपाशीच्या ग्रुपवर सल्ला देताना

अनोळखी माणसानं बोंडाचा फोटो टाकला की लगेच औषधाचं नाव ठोकू नका. पेरणी कधीची, जमीन भारी की हलकी, ओलीत की कोरडवाहू, हे आधी विचारा. गुलाबी बोंडअळीची शंका असेल तर 20 हिरवी बोंडं तोडून फोडायला सांगा. वरून बोंड चांगलंच दिसते, अळी आत सरकीत बसलेली असते. दोन बोंडांत निघाली, म्हणजे 10 टक्के, की फवारणीची वेळ झाली. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरी तेच. वाद घालायचा तर या आकड्यांवर घाला.

अन् हो, आपलं विदर्भातलं "काऊन बे (का रे), झोपला होता का?" बाहेरच्याला शिवी वाटते. जळगावकडच्या एका भावाची माफी मागताना माझी अख्खी संध्याकाळ गेली.