सुनेच्या स्वीडिश पणजोबांचा शोध बडोद्यात बसून कसा लावायचा

बडोद्यात आपल्या मराठी घरांत हे आता पुष्कळ दिसतं, मुलगा अमेरिकेत, सून तिकडचीच, आणि नातवंडांसाठी वंशावळ करायला बसलं की आपली बाजू त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वहीत सापडते पण सुनेच्या बाजूला नुसतं "पणजोबा स्वीडनहून आले, माशांच्या कारखान्यात होते" एवढंच. एवढ्यावरही खूप काही निघतं, आणि बरेचसे कागद घरबसल्या फुकट बघता येतात.

सुरुवात अमेरिकेतून करा, स्वीडनमधून नको. तेव्हा खेड्यात आडनाव म्हणजे बापाचं नाव, आंडरसचा मुलगा आंडरसन, त्यामुळे नुसतं योहान आंडरसन टाकलं तर ढिगानं निघतील, आणि अमेरिकेत योहानसनचा जॉन्सन झालेला असतो तो वेगळाच घोळ. म्हणून आधी गाव काढा, म्हणजे नेमका पॅरिश, एका चर्चच्या हद्दीतला भाग. तो अमेरिकेतल्या स्वीडिश लुथरन चर्चच्या वह्यांत मिळू शकतो, नाहीतर नागरिकत्वाच्या अर्जात, १९०६ नंतरच्या अर्जांत जन्मगाव, जन्मतारीख, कुठल्या जहाजानं आले हे सगळं असतं. सुनेला घरातलं जुनं बायबल आणि पत्रांची पाकिटं पण बघायला सांगा.

मग अमेरिकेची जनगणना. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट खातं उघडा आणि १९००, १९१०, १९२० तिन्ही काढा, १८९० ची शोधत बसू नका, ती जवळपास सगळी आगीत गेली. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, मासे डब्यात भरायचं काम सिझनचं. समजा पणजोबा ऑरेगॉनमधल्या अ‍ॅस्टोरियाला होते, तर कोलंबिया नदीत साल्मन मासा चढायला लागला की कॅनरी, म्हणजे मासे डब्यात भरायचा कारखाना, जोरात, हिवाळ्यात मिळेल ते काम. आता १९०० ची गणती १ जूनची आणि १९२० ची १ जानेवारीची, म्हणून आधी कॅनरीत असलेला माणूस नंतर लाकडाच्या गिरणीत मजूर दिसला तर दुसराच कोणी समजून सोडून देऊ नका, वय, बायकोचं नाव, अमेरिकेत आल्याचं वर्ष जुळवून बघा. शिवाय तिथे कॅनरीच्या आत मासे कापायला बहुतेक चिनी कामगार असायचे, स्वीडिश, फिनिश माणसं जास्त करून होडीवर जाळं टाकायला, त्यामुळे धंद्याच्या रकान्यात नुसतं कोळी लिहिलेलं असू शकतं. आणि जन्मस्थळ रशिया किंवा फिनलंड पण मातृभाषा स्वीडिश असं दिसलं तर ती माणसं फिनलंडमधली स्वीडिश बोलणारी, १९१७ पर्यंत फिनलंड रशियाच्या ताब्यात होता, म्हणजे त्यांचे कागद स्वीडनमध्ये नाही, फिनलंडमध्ये बघायचे.

गाव स्वीडनमधलं निघालं की रिक्सआर्किवेट, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय दप्तराच्या साइटवर जा, चर्चच्या वह्यांचे स्कॅन फुकट आहेत. पाद्री घरवार वही ठेवायचे, नाव, जन्मतारीख, देवीची लस टोचली का, वाचता येतं का, आणि गाव सोडल्याच्या रकान्यात बारीक अक्षरात "एन. अमेरिका" म्हणजे उत्तर अमेरिका, आणि तारीख. ती ओळ सापडली की घाईनं पुढे जाऊ नका, वर आईबाप असतात, खाली भावंडं, त्यांच्यासमोर पण तेच लिहिलंय का बघा, कारण १८६७-६९ च्या दुष्काळानंतर एकामागून एक भावंडं निघून गेलेली बऱ्याच घरांत दिसतात. तारीख हातात आली की स्वीडनमधल्या गोटेनबर्ग बंदराच्या पोलिसांच्या प्रवासी याद्या उघडा, त्या १८६९ पासूनच्या आहेत.

प्रत्येक स्क्रीनशॉटच्या नावातच पॅरिश, वहीचा नंबर आणि पान टाका, नाहीतर तेच पान परत उघडायला अख्खी दुपार जाते.