मराठी न्यायालयीन मजकुरावरून शब्दसदिश कसे घडवावेत

शेतजमिनीच्या दाव्यात ‘खंड’ हा शब्द आला तर तो कुळाने मालकाला द्यावयाचा मोबदला असतो, अधिनियमात आला तर कलमाचा एक भाग असतो, आणि वर्तमानपत्रात आला तर बहुधा आशिया किंवा आफ्रिका. बातम्या आणि विकिपीडिया यांवर तयार झालेल्या शब्दसदिशांना, म्हणजेच शब्दाचा अर्थ आकड्यांच्या मालिकेत मांडणाऱ्या वर्ड एम्बेडिंगना, पहिल्या दोन अर्थांची ओळख फारशी नसते. निकालपत्रांचा शोध किंवा वर्गीकरण करावयाचे असेल, तर कायद्याच्या मजकुरावर स्वतंत्र सदिश घडवणे इष्ट. प्रशिक्षणाची आज्ञा दोन-चार ओळींची असते. खरे कष्ट त्याआधी मजकुराची मशागत करण्यात आहेत.

राज्य अधिनियमांचे मराठी पाठ, कनिष्ठ न्यायालयांचे मराठी निकाल आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे मराठी अनुवाद हे तीन मुख्य स्रोत होत. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, न्यायालयाने मनाई केलेली नसल्यास निकालाचे पुनरुत्पादन हा हक्कभंग ठरत नाही. खासगी प्रकाशकांनी निकालाचे सार म्हणून जोडलेल्या शीर्षटीपा मात्र वगळाव्यात. अनुवादित निकालांची मराठी आणि ‘सदर इसम’, ‘मयत’, ‘वहिवाट’ असे शब्द सहज वापरणारी तालुक्याच्या न्यायालयाची मराठी यांत बरेच अंतर असल्याने प्रत्येक फाइलचा स्रोत नोंदवून ठेवावा. पक्षकारांची नावे आरंभीच एका सामाईक खुणेने बदलावीत, कारण पुन्हापुन्हा आलेली नावे शब्दसंग्रहात जशीच्या तशी उरतात.

जुन्या फाइली बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्या आधी रूपांतरित कराव्यात. त्यानंतरचा सापळा अधिक फसवा आहे. ‘अधिकाऱ्याने’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकलेला आढळतो: कुठे ‘ऱ’ आणि हलन्त, तर कुठे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. ती अदृश्य चिन्हे सरसकट पुसली तर ‘अधिकार्याने’ असे भलतेच रूप हाती येते. म्हणून दुसऱ्या प्रकाराचे पहिल्यात रूपांतर करूनच उरलेली चिन्हे काढावीत. शब्द वेगळे करताना पायथॉन या संगणकभाषेच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधील (मजकुरातील नमुने शोधण्याच्या सूत्रांमधील) ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ या खुणेवर विसंबू नये. ती काना, मात्रा आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे ‘न्यायालय’ या शब्दाचे तुकडे होतात. विरामचिन्हे सुटी करून मोकळ्या जागेवर शब्द तोडणे अधिक सुरक्षित, मात्र ‘भा.दं.वि.’ (भारतीय दंड विधान, म्हणजेच दंड संहिता) यासारख्या संक्षेपांतील टिंबांवर वाक्य तुटू नये म्हणून त्यांची यादी आधीच करून ‘भादंवि’ असे एकसंध रूप द्यावे.

सर्वाधिक वेळ कलमांच्या क्रमांकांवर खर्च करावा. सर्वसाधारण मजकुरात अंक गाळून टाकण्याची पद्धत आहे. येथे ती घातक ठरते. भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम ३०२ म्हणजे खुनाची शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम १०३ मध्ये गेली, आणि तेथील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांविषयी आहे. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने निकालांत दोन्ही क्रमांक दीर्घकाळ शेजारी-शेजारी दिसणार. म्हणून क्रमांक आणि अधिनियम जोडून ‘कलम_३०२_भादंवि’ असा एकच शब्द करावा, आणि देवनागरी व आंतरराष्ट्रीय अंक एकाच लिपीत आणावेत. ‘सदर संहितेचे कलम’ असा मोघम उल्लेख आला तर त्याच निकालातील लगतच्या पूर्वोल्लेखावरून संहिता ठरवावी; ते शक्य नसेल तर अंदाज न बांधता क्रमांक तसाच ठेवावा.

मराठीत ‘न्यायालयाने’, ‘न्यायालयाच्या’, ‘न्यायालयासमोर’ अशी एकाच शब्दाची असंख्य रूपे होत असल्याने शब्दसदिश घडवणाऱ्या साधनांपैकी अख्ख्या शब्दावर चालणाऱ्या वर्ड-टू-व्हेकपेक्षा शब्दांशांवर, म्हणजे शब्दातील लागोपाठच्या चिन्हांच्या तुकड्यांवर, चालणारे फास्टटेक्स्ट निवडावे. त्यातील ३ ते ६ ही शब्दांशांची मूळ मर्यादा युनिकोड चिन्हांत मोजली जाते. ‘न्या’ या एकाच अक्षरात चार चिन्हे असतात, हे लक्षात घेऊन वरची मर्यादा ८ पर्यंत नेऊन पाहावी. मजकूर थोडा असेल तर शब्दावरून त्याच्या आजूबाजूच्या शब्दांचा अंदाज बांधणारी स्किप-ग्रॅम पद्धत घ्यावी आणि मजकुरावरील आवर्तने मूळच्या ५ वरून १५-२० करावीत. जेनसिम हे पायथॉनमधील साधन वापरताना अख्खे निकालपत्र एकच वाक्य म्हणून देऊ नये, कारण १०,००० शब्दांपलीकडचा भाग ते कोणतीही सूचना न देता सोडून देते.

चाचणीसाठी वकिलाच्या मदतीने शंभरेक जोड्या तयार कराव्यात: ‘फिर्यादी–आरोपी’ निकट असावेत, पण ‘जामीन–जमीन’ केवळ अक्षरसाधर्म्यामुळे जवळ येत असतील तर शब्दांशांची खालची मर्यादा वाढवावी. एका शब्दाला एकच सदिश मिळत असल्याने ‘खंड’चे दोन कायदेशीर अर्थ त्यात मिसळणारच, महसुली दावे हाच मुख्य विषय असेल तर त्यांच्यापुरते वेगळे सदिश करावेत. शेवटी बीज, म्हणजे प्रशिक्षणाची यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, बदलून तेच प्रशिक्षण तीनदा चालवावे आणि ज्या शब्दांचे पहिले दहा शेजारी, म्हणजे सर्वांत जवळचे सदिश असलेले शब्द, दर वेळी बदलतात, त्यांच्यासाठी आणखी मजकूर मिळेपर्यंत त्या सदिशांवर कोणताही निष्कर्ष आधारू नये.