पुण्याच्या पेठांत हेरिटेज वॉकला निघताय? या चुका टाळा

पहिली चूक घरीच होते, यादी करताना. शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, विश्रामबागवाडा, तुळशीबाग, मंडई, आणि जमलंच तर केळकर संग्रहालय. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं, आणि आहेही. पण पंधरा-वीस जणांच्या घोळक्याला लक्ष्मी रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, हे नकाशा सांगत नाही. दोन-अडीच तासांत एकतर कसबा पेठ आणि आसपास नीट होते, नाहीतर बुधवार-शुक्रवार पेठेचा पट्टा. दोन्ही एका दमात म्हणजे नुसती वारी. मला विचाराल तर कसबा निवडा. शहराची जुनी वस्ती तिथलीच.

गाडी घेऊन येऊ नका. पार्किंग शोधण्यात पहिला अर्धा तास जातो आणि तोवर गाइड पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. सप्टेंबर 2024पासून कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही मेट्रो स्टेशनं सुरू आहेत. एकीकडे उतरायचं, चालत दुसरीकडे निघायचं.

शनिवारवाड्यात लोक फार रेंगाळतात. 1828च्या आगीत आतला वाडा गेला. उरली ती जोती, कारंज्यांची हौदं आणि हिरवळ. दिल्ली दरवाजासमोर मात्र लोक सेल्फीपुरतेच थांबतात. तिथे पाच मिनिटं द्या. हत्तीची धडक रोखायला दारावर ठोकलेले अणकुचीदार खिळे बघा, मग तटाकडे नजर टाका: खाली दगड, वर विटा. गारद्यांनी 30 ऑगस्ट 1773ला केलेला नारायणराव पेशव्यांचा खून, हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं, पण गाइड ‘अमावास्येला किंकाळ्या ऐकू येतात’वर घसरला, की विषय बदलून 1730च्या पायाभरणीवर आणा. चांगला गाइड असेल तर त्यालाही हायसं वाटेल.

लाल महालाचंही तसंच. शाहिस्तेखानावरचा 1663चा छापा इथलाच; पण समोरची इमारत महानगरपालिकेने मूळ जागेच्या काही भागावर नव्याने उभारलेली, 1988ची. हे माहीत नसलेली माणसं भिंतीवर हात ठेवून भारावून जातात. प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न न लाजता विचारा: यातलं जुनं किती आणि नवं किती? उत्तर देताना गाइड अडखळला तर काय ते समजा.

कसब्यातल्या तांबट आळीत शिरण्याआधी माहिती ऐकून घ्या, आत गेल्यावर नाही. ऐरणीवर तांब्याचं भांडं फिरवत कारागीर हातोडीचे ठोके घालत असतो, एकाशेजारी एक, ओळीने, तेच मठारकाम. त्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. फोटो विचारून काढा आणि वाटेत उभे राहू नका, तो कामावर आहे. सणासुदीला किंवा सुटीच्या दिवशी आळी शांत असू शकते, म्हणून वॉकचा दिवस ठरवताना आयोजकांना हे आधीच विचारलेलं बरं.

सर्वांत जास्त हुकतं ते सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ. गल्लीत आत असल्याने बरेच जण ‘पुढच्या वेळी’ म्हणून सोडतात. अठराव्या शतकातलं काळ्या दगडाचं हे देऊळ. तीन सोंडांचा गणपती, तोही मोरावर बसलेला. दर्शनाच्या घाईत लोक थेट आत जातात आणि दर्शनी भिंत राहूनच जाते. तिथे गेंड्याला साखळदंडाने जखडणारे फिरंगी शिपाई कोरले आहेत. पेशवाईतल्या पुण्यात, गणपतीच्या दारात, गेंडा! आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. अंधारात अक्षरं दिसत नसतील तर पुजाऱ्यांना विचारून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. समोरून धरलात तर अक्षरं सपाट दिसतात.

वाड्यांबद्दल एक कटकटीची गोष्ट. उघडा दिंडीदरवाजा म्हणजे आमंत्रण नव्हे. आत माणसं राहतात, कपडे वाळत असतात, आजी निवडत बसलेल्या असतात. गाइडने परवानगी घेतली असेल तरच आत जा, आणि ‘अजून पाडला नाही का हो?’ हा प्रश्न तरी विचारू नका. त्या घरात तो विषय रोजचाच असतो.

आता ऐनवेळच्या अडचणी. गाइडचा आवाज पोचत नसेल तर मागे राहून कुरकुरण्यापेक्षा त्याला रस्त्यावर न बोलता देवळाच्या आवारात थांबून बोलायला सांगा. चुकामूक झाली तर मागे-पुढे धावू नका. पुढचा थांबा आधीच विचारून ठेवा आणि सरळ तिथे जा. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर शनिवारवाड्याच्या पायऱ्या सोडा, समोरच्या पटांगणात बसायची सोय बघा. बुटांपेक्षा चपला बऱ्या, देवळं बरीच आहेत. आणि गणपतीचे दहा दिवस या वॉकसाठी धरू नका: मांडवांमुळे रस्ते वळवलेले असतात, निम्मे दर्शनी भाग झाकलेले असतात आणि गाइडसुद्धा मंडळात अडकलेला असतो.