टीव्ही रेकॉर्ड करणाऱ्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क कशी निवडावी, कशी लावावी

चॅनेलवरून येणारा कार्यक्रम कुणासाठी थांबत नाही. गेम उघडायला दोन सेकंद जास्त लागले तर आपण वैतागतो, एवढंच. पण रेकॉर्डिंग चालू असताना डिस्क अडली, तर ट्यूनरकडून (चॅनेलचा सिग्नल पकडणाऱ्या भागाकडून) आलेला डेटा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, मावेल तेवढा मावतो आणि उरलेला कायमचा जातो. नंतर बघताना नेमक्या त्याच जागी चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो. त्यामुळे होम थिएटरच्या कॉम्प्युटरसाठी डिस्क घेताना वेगाच्या आकड्यांना भुलू नका. ती मध्येच अडखळत नाही ना, हे बघा.

आधी हिशेब

डिजिटल ट्यूनर बहुतेक वेळा येणारा प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवतो, त्यामुळे फाइल किती मोठी होणार हे प्रक्षेपण करणारा ठरवतो, आपण नाही. हिशेब सोपा आहे: चॅनेलचा बिटरेट (दर सेकंदाला येणारा डेटा) मेगाबिटमध्ये घ्या आणि ०.४५ ने गुणा, तासाला किती जीबी लागतात ते कळेल. १० मेगाबिटचं एचडी चॅनेल तासाला साडेचार जीबी खातं. अमेरिकेतल्या एटीएससी १.० या डिजिटल पद्धतीच्या प्रक्षेपणात एका वाहिनीची कमाल मर्यादा १९.३९ मेगाबिट आहे, म्हणजे तासाला सुमारे ८.७ जीबी. साध्या एसडी चॅनेलला दोन जीबीच्या आत भागतं.

४ टीबीच्या डिस्कवर १० मेगाबिटने जवळपास ८९० तास मावतात. थोडी जागा मोकळी ठेवायची असल्याने साडेसातशे धरा. विंडोज हीच डिस्क ३.६३ टीबी दाखवतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. काही चोरीला गेलेलं नाही.

आता वेग. चार ट्यूनर एटीएससीच्या पूर्ण बिटरेटने एकदम रेकॉर्ड करू लागले तरी बेरीज ७८ मेगाबिट होते, म्हणजे सेकंदाला १० मेगाबाइटच्याही आत. ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) साधी डिस्कसुद्धा सलग लिहिताना याच्या दहापट वेग आरामात गाठते. मग अडखळतं कुठे? हेड, म्हणजे डिस्कवर लिहिणारा-वाचणारा भाग, एका फाइलवरून दुसऱ्या फाइलवर पळत राहतं तिथे. चार रेकॉर्डिंग, एक चालू असलेला चित्रपट आणि त्याच डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिमचं अपडेट: दर उडीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात आणि रांग वाढत जाते.

दोन डिस्क, दोन कामं

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअर एका छोट्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपच्या डिस्कवर, ठेवा (२५० जीबी पुष्कळ झाली) आणि रेकॉर्डिंग वेगळ्या हार्ड डिस्कवर. लाइव्ह टीव्ही मागे-पुढे करण्यासाठीचा टाइमशिफ्ट बफरही हार्ड डिस्कवरच हलवा. अनेक सॉफ्टवेअर तो मुकाट्याने सिस्टिमच्या ड्राइव्हवर ठेवतात. १० मेगाबिटचं एक चॅनेल दिवसभर चालू राहिलं तर बफरमध्ये १०८ जीबी लिहिलं जातं, वर्षाला सुमारे ३९ टीबी. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला साधारण ३०० टीबी लेखनाची हमी असते. एसएसडी लगेच मरणार नाही, पण तिचं आयुष्य पुसल्या जाणाऱ्या बफरवर का घालवायचं?

डिस्क निवडताना

खोक्यावर ठळक नसतो असा एक मुद्दा इथे सगळ्यात महत्त्वाचा: डिस्क सीएमआर आहे की एसएमआर, म्हणजे डेटा लिहिण्याची तिची पद्धत कोणती. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे सुटे असतात. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. जागा वाचते, पण मधला एखादा पट्टा बदलायचा तर त्याच्या शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रिकाम्या डिस्कवर हे जाणवत नाही. डिस्क भरली, जुनी रेकॉर्डिंग पुसून नवी त्यांच्या जागी येऊ लागली की ती मध्येच स्वतःची आवराआवर काढून बसते. पुसा-लिहा हेच तर आपलं रोजचं काम.

२०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि त्यानंतर कंपन्या ही माहिती यादीत देऊ लागल्या. त्यामुळे मालिकेच्या नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ हा शब्द शोधा. सापडला नाही तर दुसरं मॉडेल बघा.

माझी पसंती पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या डिस्कना, म्हणजे डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारख्यांना. अनेक प्रवाह अखंड लिहून घेणं हेच त्यांचं मूळ काम. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या सामायिक साठ्याच्या पेटीसाठीच्या) सीएमआर डिस्कही उत्तम. ७२०० आरपीएमच्या मागे लागू नका. तिचा वेग इथे वाया जातो आणि चित्रपटातल्या शांत प्रसंगात तिची घरघर मात्र ऐकू येते.

बसवताना

ऑपरेटिंग सिस्टिम टाकताना फक्त एसएसडी जोडलेली असू द्या. मोठी डिस्कही लावलेली असेल तर विंडोज कधी कधी बूटचा भाग तिच्यावर टाकून मोकळं होतं. पुढे ती डिस्क काढली की कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

नंतर कॉम्प्युटर बंद करून हार्ड डिस्क लावा. ती बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसलीच नाही तर मदरबोर्डचं पुस्तक काढा: अनेक बोर्डांवर एम डॉट टू खाच (छोट्या एसएसडीची जागा) वापरली की एक-दोन साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडण्याच्या जागा) आपोआप बंद होतात. कुलूपवाली साटा केबल घ्या, स्क्रूखाली रबराचे वॉशर द्या आणि डिस्कवरून हवा खेळती राहील असं बघा. टीव्हीखालच्या बंद कपाटात ती सहज तापते. तापमान ४५ अंशांच्या आत राहिलं तर चिंता नाही.

फॉरमॅट

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवी डिस्क दिसली की विभागणीची जीपीटी पद्धत निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. फाइल सिस्टिम एनटीएफएस, अॅलोकेशन युनिट ६४ केबी. मोठ्या फाइलींचे तुकडे त्याने थोडे कमी होतात. फरक प्रचंड नाही, पण नंतर बदलायचं तर पुन्हा फॉरमॅट करावं लागतं, म्हणून आत्ताच करा. ड्राइव्हला आर किंवा व्ही असं लांबचं अक्षर द्या, म्हणजे पेन ड्राइव्ह लावल्यावर गोंधळ होणार नाही. त्या ड्राइव्हचं सर्च इंडेक्सिंग बंद करा आणि रेकॉर्डिंगचा फोल्डर अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा.

लिनक्सवर एक्सएफएस किंवा ईएक्सटी ४ घ्या. ईएक्सटी ४ मुळातच ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवतं. ४ टीबीच्या डिस्कवर ते २०० जीबी होतात, म्हणून नुसत्या रेकॉर्डिंगच्या डिस्कवर ही राखीव जागा शून्य करा. डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, जोडा.

एक सापळा मात्र ध्यानात घ्या. कधी डिस्क जोडली गेली नाही, तरी ज्या फोल्डरवर ती जोडायची तो रिकामा फोल्डर एसएसडीवर असतोच. सॉफ्टवेअर बिनदिक्कत त्यात रेकॉर्ड करत जातं आणि एसएसडी गच्च भरून सगळी यंत्रणा बसते. उपाय साधा आहे: डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी काढून ठेवा. मग रेकॉर्डिंग सरळ अयशस्वी होईल आणि तुम्हाला लगेच कळेल.

झोपू देऊ नका

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये हार्ड डिस्क काही मिनिटांनी बंद करण्याची सोय असते, ती ‘नेव्हर’ करा. थांबलेली डिस्क पुन्हा वेगात यायला दहाएक सेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात कार्यक्रमाची सुरुवात हुकते. रेकॉर्डिंग दोन मिनिटं आधी सुरू होईल अशी सेटिंग ठेवा, तीही उपयोगी पडते. यूएसबीवरच्या बाहेरच्या डिस्क बऱ्याचदा विंडोजचं न ऐकता स्वतःच झोपतात. त्या जपून ठेवायच्या फाइलींसाठी वापरा.

सॉफ्टवेअर

विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने मीडिया सेंटर काढून टाकलं, त्यामुळे आता नेक्स्टपीव्हीआर, मिथटीव्ही, टीव्हीहेडएंड, जेलीफिन यांपैकी काहीतरी लागेल. रेकॉर्डिंगची जागा नव्या ड्राइव्हवर वळवा आणि १० ते १५ टक्के जागा कायम मोकळी राहील अशा बेताने जुनी रेकॉर्डिंग आपोआप पुसण्याचा नियम लावा.

पुढे दुसरी डिस्क घेतलीत तर दोघी जोडून एक मोठी डिस्क करण्याच्या फंदात पडू नका. डेटा दोन्हींवर विभागून लिहिला, की एक डिस्क गेल्यावर सगळंच जातं. मिथटीव्हीच्या स्टोरेज ग्रुपमध्ये वेगवेगळ्या डिस्क नुसत्या नोंदवल्या, तरी रेकॉर्डिंग त्यांच्यात वाटली जातात आणि हेडची धावपळही कमी होते.

चाचणी

भरवसा ठेवण्याआधी यंत्रणेला त्रास द्या. सगळे ट्यूनर एकदम रेकॉर्डिंगला लावा, जुनं रेकॉर्डिंग बघत बसा आणि त्याच वेळी आठ-दहा जीबीची एखादी फाइल पुसा. मग त्या वेळचं प्रत्येक रेकॉर्डिंग तपासा. चौकोन फक्त एकाच चॅनेलवर असतील तर दोष बहुधा सिग्नलचा. सगळ्यांवर एकाच क्षणी असतील तर संशय डिस्कवर.

क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनात स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीचे) आकडेही बघा. ५ आणि १९७ या नोंदी, म्हणजे बदललेले आणि बदलाच्या प्रतीक्षेतले सेक्टर, वाढू लागल्या तर रेकॉर्डिंग दुसरीकडे हलवून डिस्क बदला. १९९ ची नोंद, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. स्मार्टची दीर्घ चाचणी महिन्यातून एकदा लावा, पण मोठ्या डिस्कवर ती कित्येक तास चालते, म्हणून रेकॉर्डिंगचं वेळापत्रक रिकामं असेल तेव्हाच.