सोफियात नवीन आलात? आधी ‘मायताप’ समजून घ्या

आपली मुलं इथे, बल्गेरियाच्या राजधानीत, आली की पहिल्या आठवड्यात सिरिलिक लिपी शिकतात, दुकानांच्या पाट्या वाचू लागतात आणि तिथेच थांबतात. ऑफिसात इंग्रजी, शनिवार-रविवार आपलाच मराठी ग्रुप. मला हे अजिबात पटत नाही. बल्गेरियन माणूस सुरुवातीला कोरडा वाटतो, तो मोकळा होतो थट्टेत. त्या थट्टेचं इथलं नाव ‘मायताप’.

समजा, सहकाऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की तुमची रजा रद्द झाली. तुमचं तोंड उतरलं की तो म्हणेल, ‘मायताप, बे!’ म्हणजे गंमत केली रे. (हा ‘बे’ नागपुरी ‘बे’सारखाच बरोबरीच्यांत चालतो, मोठ्यांना चुकूनही लावू नका.) ‘मायतापिश ली से?’ म्हणजे थट्टा करतोयस का? आणि ‘बेज मायताप’ ऐकलं तर नीट लक्ष द्या, पुढचं बोलणं खरं असतं.

शब्द मूळचा फारसी. माह म्हणजे चंद्र, ताब म्हणजे प्रकाश. माहताब म्हणजे चांदणं. तुर्कीत त्याचा ‘मायताप’ झाला आणि रंगीत उजेड पाडणाऱ्या शोभेच्या दारूला ते नाव मिळालं. पुढे तुर्कीतच ‘मायताबा आल्माक’ म्हणजे एखाद्याची टर उडवणं. जुन्या मराठीतही महताब म्हणजे चंद्रज्योत. ती पेटली की जवळच्या माणसाचा चेहरा लख्ख उजळतो, टर उडवतानाही एकजण असाच सगळ्यांच्या नजरेत येतो. अर्थ तिथूनच सरकला असावा असं मला वाटतं. थट्टेखोर तो ‘मायताप्चिया’. त्यातला प्रत्यय तुर्की, आपल्या खजिनची-मशालचीतला ‘ची’ तोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही व्युत्पत्ती कळली म्हणून ती बल्गेरियन माणसाला ऐकवू नका. अगदी कौतुकानेही नको. इथे जवळपास पाच शतकं ऑटोमन राज्य होतं. १८७८ साली सुटका झाली, आणि भाषेतून तुर्की शब्द हुसकावण्याची खटपट बराच काळ चालली. जे टिकले त्यांतले पुष्कळ असे बोलीत, चेष्टामस्करीत राहिले. दुसरी बाजूही दुखरी आहे. १९८४-८५च्या हिवाळ्यात सरकारने इथल्या तुर्की लोकांची नावं सक्तीने बदलली, १९८९ मध्ये तीन लाखांहून अधिक लोक तुर्कस्तानात निघून गेले. म्हणजे समोरचा कोणत्याही घरातला असो, जखम असू शकते. आपल्यातल्या एका मुलाने घर बघताना मालकीणबाईंना ‘तुमची अर्धी भाषा तुर्कीच की’ असं हसत सांगितलं. ठरत आलेली जागा गेली, आणि पुढचा महिना त्याने हॉटेलचं भाडं भरलं. पुन्हा सांगते: विषय त्यांनी काढला तर ऐका, आपण काढू नका.

मान हलवण्याचं तर तुम्हाला कोणीही सांगेल: आडवी म्हणजे हो, वर उचलली म्हणजे नाही. तरी तोंडाने ‘दा’ की ‘ने’ विचारून घ्या.

मायग्रेशनच्या खिडकीवर, बँकेत किंवा वयस्कर शेजाऱ्यांशी बोलताना ‘मायताप’ वापरू नका. तिथे ‘शेगा’ म्हणा, अर्थ थट्टाच, पण तो स्लाव्ह, म्हणजे बल्गेरियनच्या स्वतःच्या भाषाकुळातला शब्द आहे आणि सगळीकडे चालतो. ‘मायताप’ आधी त्यांच्या तोंडून तुमच्यासाठी येऊ द्या, मग तुम्ही उलट म्हणा.