जुनी स्पीड शॉप डेकल्स जमवताय? या चुका टाळा

स्पीड शॉप म्हणजे गाडी वेगवान करायचे भाग विकणारं दुकान, आणि डेकल म्हणजे त्यांच्या नावाचं, गाडीवर लावायचं छापील चित्र. मी राहतो दक्षिण कॅलिफोर्नियात, त्यामुळे पोमोना आणि लाँग बीचच्या स्वॅप मीटला, म्हणजे गाड्यांच्या जुन्या सामानाच्या बाजाराला, बरेच रविवार जातात, पहाटे टॉर्च घेऊन खोकी उपसायची. नवीन मुलं भेटतात, हातात इस्की किंवा एडलब्रॉक अशा इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कंपनीचं सुंदर डेकल असतं आणि दहा मिनिटांत त्याची वाट लावलेली असते. दरवेळी त्याच चुका, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला स्टिकर समजणं. 1940-50 च्या दशकातली बहुतेक डेकल्स वॉटरस्लाइड आहेत. कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर शाईचा पातळ पापुद्रा. पाण्यात भिजवलं की डिंक सुटतो आणि चित्र घसरून काचेवर जातं. आता विचार करा, जी वस्तू पाण्याने सुटावी म्हणूनच बनवली आहे तिला दमट हवा काय करेल? हे मला डोंबिवलीत कळलं. जुलैमध्ये घरी गेलो होतो, भावाला दाखवायला म्हणून अकरा डेकल्स नेली, एकाच प्लास्टिक पिशवीत एकावर एक. आठ दिवस बाहेर धो धो पाऊस आणि पिशवी आईच्या लाकडी कपाटात. उघडली तर अकराचा एक गठ्ठा झालेला. वरचं एक मी घाईने ओढलं आणि त्याचं निम्मं चित्र खालच्याच्या पाठीला चिकटून राहिलं. ते क्ले स्मिथ या कॅमशाफ्ट बनवणाऱ्याचं होतं, सिगार ओढणारा लाल तुऱ्याचा पक्षी, मी दोन वर्षं शोधून मिळवलेलं. बाकीच्या दहांना मी आजपर्यंत हात लावलेला नाही. ओढून सुटत नाहीत आणि भिजवली तर कागदच हातात राहील.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. प्रत्येक डेकल वेगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या नाहीतर पॉलिएस्टरच्या स्लीव्हमध्ये, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, डबा आडवा, आत सिलिका जेल. पीव्हीसीची पाकिटं अजिबात नकोत, नव्या रेनकोटसारखा वास आला की समजायचं, त्यातलं तेल हळूहळू शाईत उतरतं. आणि पावसाळ्यात भारतात न्यायची नाहीत, फोटो दाखवा.

दुसरी चूक वर्षाची. विकणारा म्हणतो पन्नासच्या दशकातलं आहे आणि आपण मान डोलावतो. मीही डोलावली होती, एका कॅमशाफ्टवाल्याच्या (कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) डेकलसाठी 80 डॉलर मोजले, घरी येऊन भिंग लावलं तर खाली पत्त्यात पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिथला पिनकोड! अमेरिकेत झिप कोड आला 1 जुलै 1963 ला. त्याआधी मोठ्या शहरांच्या पत्त्यात शहर आणि राज्य यांच्या मध्ये नुसता झोन नंबर असायचा, ‘लॉस एंजेलिस 16, कॅलिफ.’ असा. म्हणून पैसे काढायच्या आधी पत्ता वाचा, चित्र नंतर बघा. सो-कॅल स्पीड शॉप ॲलेक्स झिडियासने 1946 मध्ये बरबँकला काढलं, ते साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झालं आणि नव्वदच्या दशकात पीट चपूरिसने नाव परत उभं केलं ते पोमोनात. म्हणजे पोमोनाचा पत्ता असलेलं डेकल जुनं असूच शकत नाही. मूनआइज या गाड्यांच्या भागांच्या ब्रँडचंही तसंच, डीन मूनचं दुकान सांता फे स्प्रिंग्जला, तो 1987 मध्ये गेला, पुढे जपानच्या शिगे सुगानुमांनी ते चालवलं. योकोहामा लिहिलेलं दिसलं तर ते खोटं नाही, अस्सल आहे, फक्त अलीकडचं आहे, आणि किंमतही तशीच द्या.

दहापट भिंग खिशात असूच द्या. जुनी बरीचशी छपाई स्क्रीन प्रिंटची, रंग सलग भरलेले, कडेला शाई किंचित उठलेली. रंगीत ठिपके दिसले तर बहुधा इंकजेट. पण ठिपके नाहीत म्हणजे जुनंच, असं नाही, कारण चांगली नक्कलही स्क्रीननेच छापतात.

लॅमिनेशन करू नका. सेलोटेप तर नकोच. पिवळी पडलेली कड कात्रीने कापू नका, ती कड असते म्हणूनच आम्ही विकत घेतो. जुन्या टूलबॉक्सवरचं डेकल हीट गनने काढायला जाऊ नका, अख्खं झाकण विकत घ्या, मी तीन घेतलीत.

आणि गाडीवर लावायचंच असेल तर खुशाल नवीन छापलेलं घ्या, मूनचे डोळे (त्यांची खूण) आजही नवे मिळतात आणि काचेवर तितकेच छान दिसतात. साठ-सत्तर वर्षं न भिजवता राहिलेलं डेकल एका शनिवारच्या हौसेसाठी बादलीत बुडवणारी माणसं मी पाहिली आहेत. पापुद्रा इतका ठिसूळ झालेला असतो की पाण्यातच त्याचे तुकडे होतात आणि मग तेच विचारतात, अजून एक आहे का तुमच्याकडे? असलं तरी मी देत नाही.